मोडीचा बाजार आणि कायदा

फुटका तांब्या किंवा चेपलेलें घंगाळ मोडींत घालतांना तें मुळांत कोणाचें, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तांबें, पितळ, कांसें एकदां वितळलें कीं त्याची पूर्वीची ओळख पुसली जाते. मोडीच्या व्यापाराची उपयुक्तता याच गुणांत आहे, आणि त्याचा धोकाही याच गुणांत आहे.

इंग्लंडला हा धोका चांगलाच जाणवला. २००५ च्या डिसेंबरांत हेन्री मूर या विख्यात शिल्पकाराची सुमारें २ टन वजनाची कांस्यमूर्ति हर्टफर्डशायर परगण्यांतून चोरीस गेली. तिचें मोल सुमारें ३० लक्ष पौंड. मोडीच्या भावानें मात्र तिचे जेमतेम दीड हजार पौंड आले असावेत, असा पोलिसांचा तर्क होता. पुढें रेल्वेच्या तांब्याच्या तारा, चर्चच्या छपरांवरील शिशाचे पत्रे, इतकेंच नव्हे तर युद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नांवांचे कांस्यपटही नाहींसे होऊं लागले.

अशा चोरीचा माग काढणें कठीण. परंतु चोरालाही गिऱ्हाईक लागतेंच! म्हणून कायद्यानें आपली दृष्टि खरेदीदाराकडे वळविली. १९६४ च्या कायद्यानें व्यापाऱ्यांची नोंदणी आवश्यक केली होती. तथापि रोखीचा व्यवहार चालूच राहिला. १ ऑक्टोबर २०१३ पासून इंग्लंड व वेल्समध्यें नवा कायदा अमलांत आला. त्याप्रमाणें दुकानदारानें, तसेंच दारोदार फिरणाऱ्या भंगारवाल्यानेंही, स्थानिक कौन्सिलचा परवाना घेतला पाहिजे. विकणाऱ्याचें नांव व पत्ता पडताळून पाहिला पाहिजे. किंमत रोख न देतां, दुसऱ्याच्या नांवें न वटणाऱ्या चेकनें किंवा बँकेमार्फत दिली पाहिजे. आणि व्यवहाराची नोंद ३ वर्षें जपली पाहिजे. सोनें व चांदी यांतून वगळलीं आहेत.

असा निर्बंध एकाच प्रांतापुरता असला कीं माल शेजारची वाट धरतो. स्कॉटलंडमध्यें रोखीची बंदी १ सप्टेंबर २०१६ रोजीं आली. तोंवर सरहद्दीपलीकडची ती वाट मोकळी होती. शिवाय परवान्याचा खर्च आणि वह्यांचा व्याप प्रामाणिक, गरीब भंगारवाल्यालाही सोसावा लागतो, हें नाकारतां येत नाहीं. तरीही या योजनेचें मर्म सरळ आहे. वितळलेला धातु साक्ष देत नाहीं, रोख पैसाही देत नाहीं. बँकेच्या वहींतील एक ओळ मात्र देते.