संदकफूची अमावास्या

दुर्गापूजेचे मंडप उतरतात, प्रतिमांचे विसर्जन होते आणि कोलकात्याच्या आकाशातील पावसाळा खऱ्या अर्थाने संपतो. कोजागरीच्या पौर्णिमेला येथे घरोघरी लक्ष्मीपूजन होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या पणत्या लागतात त्याच अमावास्येला बंगालमध्ये कालीपूजा असते. कार्तिकात उंच बांबूच्या टोकाला पूर्वजांसाठी आकाशप्रदीप लावण्याची प्रथाही या भूमीत जुनी आहे. महाराष्ट्रातील आकाशकंदिलाचा तो जणू भाऊबंदच. मात्र ज्या आकाशाकडे तो दिवा उंचावला जातो, ते आकाश महानगराच्या झगमगाटात हरवले आहे. गच्चीवर उभे राहिले तर बोटांवर मोजता येतील इतक्याच चांदण्या दिसतात.

म्हणूनच कालीपूजेच्या सुट्टीत सियालदह स्थानकावरून सुटणाऱ्या दार्जिलिंग मेलमध्ये अधूनमधून एखादा प्रवासी वेगळेच सामान घेऊन चढतो. पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, हातात भक्कम तिपाई आणि लोकरी कपड्यांच्या घड्यांत जपून ठेवलेल्या जादा बॅटऱ्या. त्याला जायचे असते पश्चिम बंगालच्या सर्वोच्च ठिकाणी, ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूला. दिवसा तेथून कांचनजंगा आणि एव्हरेस्ट यांचे दर्शन घडते आणि बहुतेक पर्यटक त्यासाठीच जातात. या प्रवाशाचे काम सूर्यास्तानंतर सुरू होते. डोळ्यांना न दिसणारे किंवा अंधूक ठिपक्यासारखे भासणारे तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांचे छायाचित्र त्याला आयुष्यात प्रथमच टिपायचे असते.

खजिन्यातील नोकरी, आकाशाचा छंद

दिवसा नोकरी आणि रात्री आकाश ही परंपरा बंगालला नवी नाही. राधागोविंद चंद्र हे जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याचे काम करीत. प्रवेश परीक्षेत त्यांना अपयश आले होते आणि खगोलशास्त्राचे औपचारिक शिक्षण तर मुळीच नव्हते. तरीही दिवसभर खऱ्या-खोट्या नाण्यांची पारख करणारी त्यांची दृष्टी रात्री रूपविकारी ताऱ्यांच्या तेजातील सूक्ष्म बदल टिपत असे. अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेकडे त्यांनी पाठविलेल्या नोंदी ३७ हजारांहून अधिक भरल्या. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीणही वापरण्यास दिली होती. फाळणीनंतर ते कोलकात्याजवळ बारासात येथे आले आणि १९७५ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. एकेक नोंद जमवीत मोठी शिल्लक उभी करण्याचा त्यांचा वसा आजच्या नवशिक्या छायाचित्रकारालाही उपयोगी पडणारा आहे.

घाई नको, चढ हळूहळू

न्यू जलपाईगुडीला उतरल्यावर मोटारीने मानेभंज्याङ गाठावे लागते. तेथून संदकफूचा सुमारे ३१ किलोमीटरचा चढाचा रस्ता सुरू होतो. हा मार्ग सिंगलीला राष्ट्रीय उद्यानातून आणि नेपाळच्या सीमेला बिलगून जातो. त्यामुळे ओळखपत्र जवळ असावे लागते आणि स्थानिक मार्गदर्शकही सोबत घ्यावा लागतो. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, उद्यान बंद असते. एके काळी या चढावर ब्रिटिश बनावटीच्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांचेच राज्य होते. आता रस्ता सुधारला असून नव्या गाड्या काही तासांत माथ्यावर पोहोचवतात.

खरा धोका याच सोयीत आहे. कोलकाता समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. आज रात्री गाडीत बसलेला माणूस उद्या संध्याकाळी संदकफूवर पोहोचू शकतो, पण त्याचे शरीर इतक्या वेगाने पोहोचत नाही. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेची पहिली लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही मात्र तातडीने खाली उतरण्याची सूचना असते. या डोंगरावर पर्यटकांचे मृत्यूही ओढवले आहेत.

त्यामुळे जाणते लोक पहिली रात्र सुमारे ३,००० मीटर उंचीवरील टुमलिंग येथे आणि दुसरी कालीपोखरीच्या परिसरात काढून मगच माथा गाठण्याचा सल्ला देतात. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे. रात्रभर थंडीत उभे राहण्याचा बेत असेल तर सोबतीला कुणीतरी असलेच पाहिजे. चांगल्या छायाचित्राची संधी पुढच्या अमावास्येला पुन्हा येते. एवढे ध्यानात ठेवले तर लक्षणे दिसताच खाली उतरण्याचा निर्णय जड जात नाही.

प्रकाशाची आवर्ती ठेव

मुंबईच्या मानाने येथे अंधार तासभर आधी होतो. नोव्हेंबरच्या आरंभी सहा वाजेपर्यंत आकाश काळेभोर झालेले असते. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. या काळात पांढरी विजेरी पेटविली की सारी सवय वाया जाते, म्हणून मंद लाल प्रकाशाचा दिवा वापरतात.

पहिले लक्ष्य बहुधा देवयानी दीर्घिका असते. भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन सापडला की उत्तरा भाद्रपदेच्या कोपऱ्यापासून देवयानीचे दोन तारे मोजावेत आणि तेथून वळून दोन मंद तारे ओलांडावेत. तेथे कापसाच्या पुंजक्यासारखा एक धूसर डाग साध्या डोळ्यांनाही दिसतो. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघाला आहे. छायाचित्रात या दीर्घिकेचा विस्तार पौर्णिमेचे सहा चंद्र एका ओळीत ठेवण्याइतका भरतो. आकाराने ती लहान नाहीच, तिचा प्रकाश तेवढा क्षीण आहे.

हा क्षीण प्रकाश साठविण्यात पृथ्वीचाच अडथळा येतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकत असते. साधा कॅमेरा स्थिर तिपाईवर ठेवून ५० मिलिमीटरच्या भिंगातून पाच-सहा सेकंदांहून अधिक काळ छायाचित्र घेतले, तर ताऱ्यांचे ठिपके लांबट होऊ लागतात. मग उपाय एकच उरतो. पाच-पाच सेकंदांची शेकडो छायाचित्रे घ्यायची आणि घरी परतल्यावर संगणकावर ती एकमेकांवर अचूक रचायची. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रात त्याच जागी असतो, त्यामुळे तो पक्का होत जातो. कॅमेऱ्यातील विद्युत गोंगाटाचे कण मात्र प्रत्येक चित्रात निराळ्या जागी पडतात आणि सरासरीत पुसले जातात. शंभर चित्रांनी असा गोंगाट एक-दशांशावर येतो, तर एक-विसांशावर आणण्यासाठी चारशे चित्रे लागतात. दरमहा थोडी रक्कम भरणाऱ्या आवर्ती ठेवीच्या खातेदाराला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. एका हप्त्याकडे पाहून काहीच वाटत नाही, मुदत पूर्ण झाल्यावर मात्र रक्कम उभी राहिलेली दिसते.

आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरविणारे छोटे यंत्र असल्यास प्रत्येक चित्राला मिनिट-दोन मिनिटे देता येतात. त्यासाठी यंत्राचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा त्या बिंदूपासून अंशभराहूनही कमी अंतरावर असल्याने तोच वाटाड्या ठरतो. क्षितिजापासून त्याची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते. कोलकात्यात ती साडेबावीस अंश असते, तर संदकफूवर सुमारे सत्तावीस. एका रात्रीच्या रेल्वे प्रवासाने ध्रुवतारा साडेचार अंश वर चढलेला असतो.

नवशिक्याची पहिली रात्र

पहिल्या रात्री चुका ठरलेल्याच असतात. स्वयंचलित केंद्रीकरण अंधारात काम करीत नाही. पडद्यावर एखादा तेजस्वी तारा मोठा करून, तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत भिंग हाताने फिरवावे लागते. एवढे करूनही तासाभराने भिंगावर दव जमते आणि पुढची दोनशे चित्रे धूसर येतात. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, म्हणून जादा बॅटऱ्या अंगातील कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवाव्या लागतात. गारठलेला कॅमेरा शेकोटीच्या खोलीत तसाच नेला तर त्याच्या आत-बाहेर बाष्प साचते. त्याला बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून मग आत आणणे श्रेयस्कर. या साऱ्या कृतींचा सराव कोलकात्याच्या गच्चीवर आधीच झालेला असावा. तारे दिसोत वा न दिसोत, हातमोजे घालून कॅमेऱ्याची कळ अंधारात सापडली पाहिजे.

रात्र सरकते तशी कृत्तिकांचा पुंजका माथ्याकडे येतो. त्यामागोमाग मृग नक्षत्र वर चढते. बंगाली माणूस त्याला कालपुरुष म्हणतो. मृगातील तेजोमेघ सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असूनही नवशिक्यावर सर्वाधिक प्रसन्न होतो. काही सेकंदांच्या एका चित्रातही त्याची गुलाबी छटा उमटते. पडद्यावर ती प्रथम दिसते तेव्हा बोटांचा गारठा काही क्षण विसरला जातो.

काचपट्ट्यांवरील पाऊलखुणा

संदकफूच्या परिसरात प्रकाशसंवेदी पट्ट्या मांडून वाट पाहणारा हा छायाचित्रकार मात्र पहिला नव्हे. १९३८ नंतरच्या काही वर्षांत कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमधील देवेंद्रमोहन बोस आणि त्यांच्या तरुण सहकारी बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू आणि तिबेटातील फारी जोंग येथे छायाचित्रणाच्या काचपट्ट्या ठेवल्या होत्या. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे निर्माण होणाऱ्या कणांच्या पाऊलखुणा त्यांना त्या पट्ट्यांवर टिपायच्या होत्या. डोंगर निवडण्याचे कारण आजच्यासारखेच होते : माथ्यावर हवेचा अडसर कमी. पट्ट्या महिनोन्‌महिने तेथे राहत आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा कोपरा न्‌ कोपरा तपासला जाई. त्या रेषांवरून त्यांनी इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलक्या कणांचे वस्तुमान मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे उत्तम प्रतीच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या आणि काम थांबले. छायाचित्रणाच्या पद्धतीचा विकास आणि तिच्या साहाय्याने लागलेला मेसॉन कणांचा शोध यांसाठी १९५० चे नोबेल पारितोषिक ब्रिटनच्या सेसिल पॉवेल यांना मिळाले.

बिभा चौधुरी पुढे मँचेस्टरला ब्लॅकेट यांच्याकडे संशोधन करून परतल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू होणाऱ्या त्या पहिल्या महिला संशोधक होत. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे नाव मोजक्याच लोकांना ठाऊक होते.

आज संदकफूवरून परतलेला छायाचित्रकार संगणकावर आपली चित्रे उलगडतो, तेव्हा एखाद्याच चित्रात अचानक उमटलेला पांढरा ठिपका किंवा बारीक रेघ त्याला दिसते. आधीच्या चित्रात ती नसते, नंतरच्याही नसते. अशा काही खुणा विश्वकिरणांपासून उपजलेल्या कणांनी कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटविलेल्या असतात. चित्रे रचताना संगणक त्या दोष समजून पुसून टाकतो. ज्या रेघेसाठी बिभा चौधुरींनी महिनोन्‌महिने वाट पाहिली, तिच्याच कुळातील ही रेघ. पुसण्यापूर्वी तिच्याकडे क्षणभर पाहायला हवे.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने भारताच्या वाट्याला आलेल्या एका ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव दिले. त्याच्या ग्रहासाठी निवडले गेलेले ‘संतमस’, म्हणजे मेघाच्छादित, हे नाव पुण्याच्या एका शालेय विद्यार्थ्याने सुचविले होते. हा तारा सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर आहे आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी पहाटे चारच्या सुमारास, आग्नेयेला मघा ताऱ्याच्या दक्षिणेस सुमारे सोळा अंशांवर कॅमेरा रोखला आणि पाच-पाच सेकंदांचे हप्ते निष्ठेने भरत राहिले, तर रचलेल्या चित्रात तो एका लहानशा ठिपक्याच्या रूपाने उमटतो.

तोवर पूर्वेकडे उजळू लागलेले असते. दव पुसून, तिपाई मिटून, कॅमेरा पिशवीत बंद केला की कांचनजंगेच्या शिखरावर पहिली लाली चढते आणि बाकीचे पर्यटक खोल्यांतून बाहेर पडू लागतात. रात्रभर जागलेल्या त्या एकाच्या संग्रही मात्र त्या डोंगराची आठवण ठेवणारा एक तारा आलेला असतो.