फळीपलीकडे

सोमवार, सकाळचे साडेनऊ. आमच्या दुकानाला सोमवारी सुट्टी असते, म्हणून मी दारात पाटावर बसून मेथी निवडतेय. माझी 14 महिन्यांची मुलगी दोन्ही हातांनी फळी धरून, पॅसेजकडे तोंड करून उभी आहे. मेथीची एक काडी तिच्या तोंडात आहे. ती कधी गेली ते मला कळलेलं नाही.

फळीबद्दल सांगायला हवं. चौकटीला खाली दोन्ही बाजूंनी पट्ट्या ठोकल्यात, त्यांच्या खाचेत ही वरून सरकवायची. दीड फूट उंच, जुन्या सागाची. मोठ्यांनी ओलांडायची, रांगणाऱ्यानं अडायचं. ती आमची नाही. आमच्याकडे 72 नंबरमधून आली, त्यांच्याकडे 61मधून, त्याआधी कुठून ते कुणाला सांगता येत नाही. वरच्या कडेवर दातांच्या खुणा आहेत. त्या करणाऱ्यांपैकी एक यंदा बारावीला बसलाय आणि ही गोष्ट चारचौघांत काढलेली त्याला अजिबात आवडत नाही.

ही नायगावची बीडीडी चाळ. तिसरा मजला, मधून लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, 61 ते 80. अशा 80 खोल्यांची एक चाळ आणि नायगावात अशा 42. 1920च्या दशकात कामगारांसाठी बांधलेल्या. एक खोली 160 चौरस फूट. त्यात आमची एक खाट, एक कपाट, ओटा, मोरी, सासूबाई, मी, नवरा, ही, आणि खाटेखाली उरलेला संसार.

हिंदमाताला दुकान असलेल्यांना पावसाळ्यात एक सवय जडते. पाणी चढायला लागलं की खालच्या कप्प्यातले तागे वरच्या कप्प्यात, आणखी चढलं की त्याच्या वरच्या. आमच्या घरात गेलं वर्षभर तेच चाललंय. ही पालथी पडायला लागली तेव्हा जमिनीवरचं उचललं. रांगायला लागली तेव्हा खाटेखालचे डबे हलले. धरून उभी राहिली तशी ओट्याची कड गेली. आता तिथे चहाचा कपही ठेवत नाही. परवा ती खाटेवर एक गुडघा टाकून लोंबकळत होती. पोटमाळा आधीच भरलाय. यापुढे काय ते सीलिंगच.

नवरा रात्रपाळी करून सातला आलाय आणि पंख्याखाली जमिनीवर झोपलाय. महिन्यापूर्वी ती त्याच्या अंगावरून रांगत पलीकडे जायची. आता त्याच्या कमरेला धरून उभी राहते आणि तो कुशीवर वळला की आपटते. तो झोपेतच हात मागे टाकून तिला अडवतो. उठल्यावर विचारलं तर त्याला आठवत नाही.

तिचं पहिलं पाऊल मी पाहिलेलं नाही. ते मागच्या मंगळवारी पडलं, तेव्हा मी एका बाईंना रामा कलरच्या साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस दाखवत होते. आठवा पीस. मग फोन वाजायला लागला.

सासूबाई म्हणतात, पेज खाऊन झाल्यावर, आमच्याच दारात, दोन पावलं. 70च्या काकी म्हणतात, आमच्या दारात, तीन. 69चे अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सहा पावलं आणि वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. 68च्या मुलानं व्हिडिओ काढलाय, नऊ सेकंदांचा. त्यात फरशी दिसते, कुणाच्या तरी गाऊनची झालर दिसते, वाळ्यांचा आवाज येतो आणि सात-आठ बायका एकदम ओरडतात. पाऊल दिसत नाही. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. एक गोष्ट मात्र कानात राहिली. त्या दिवशी फोनवर मला कुणी ‘तुझी चालली’ म्हणालं नाही. ‘आपली चालली’ म्हणाले. मला बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. दोन्ही खरं.

कारण महिनाभर आधी याच पॅसेजनं माझी झोप घालवली होती. अजून चालत नाही? आमचा दहाव्यात पळत होता. तेल कमी पडतंय. कडेवर फार घेता तुम्ही. नवऱ्याच्या एका मित्रानं तर गोल, चाकांचा, आत बसवायचा वॉकर आणून दिला. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी मान हलवली: तिसरा मजला, पुढे जिना, कशाला विषाची परीक्षा? घरी येऊन वाचलं तर कॅनडात 2004 पासून तो विकायलाही बंदी. परत केला. मित्र अजून नीट बोलत नाही.

मग एका रात्री ती दूध पीत असताना एका हातात फोन धरून मी शोधत बसले. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतली मुलं महिनोन्‌महिने पाहिली, त्यात आपल्या दिल्लीचीही होती, आणि 2006 साली छापलं. कशाला न धरता चालणं आठव्या महिन्यानंतर केव्हाही येतं, अगदी साडेसतराव्यापर्यंत, आणि सगळी निरोगी मुलं. शंभरातली चारेक तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. दुसऱ्या दिवशी मी हे 70च्या काकींना ऐकवलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, “दिल्लीची पोरं लई दूध-तूप खात्यात.”

आता ती फळीवर थापा मारतेय. दोन थापा, मग वळून माझ्याकडे बघणं. काडी तोंडातून पडलीय. मी उठते आणि फळी वर ओढून काढते. भिंतीला टेकवते.

ती हलत नाही. जिथे हात टेकायचे तिथे आता काहीच नाही, हे तिच्या हातांना पटत नाहीये. मग उंबऱ्यावर बसते, उलटी होते, पाय आधी बाहेर सोडते, जिना उतरल्यासारखी, आणि पलीकडे दाराच्या चौकटीला धरून पुन्हा उभी राहते.

आणि सोडते.

चालणं ते असं. पाय फेंगडे, दोन्ही पावलांमध्ये अख्खी मेथीची जुडी मावेल एवढं अंतर. हात खांद्याच्या वर, दहीहंडीत सगळ्यात वरच्या थराला चढलेल्या पोरासारखे. पोट पुढे. पाऊल टाकत नाही ती, पुढे कलते, आणि पडायच्या आत पाय खाली येऊन पोचतो. एक. दोन. तीन. चौथ्याला अंदाज चुकतो आणि धप्पकन बसते.

पॅसेज गप्प. हा इथला नियम आहे, कुणी लिहिलेला नाही. कुणी “अगं बाई, पडली” म्हणालं की ती रडते. नाही म्हणालं तर आजूबाजूला कोण बघतंय ते बघते आणि उठते. सासूबाईंना हा नियम पाळता येत नाही. त्या आतून लगबगीनं येतात, फरशीला दोन चापट्या मारतात, फरशीला मालवणीत चार शब्द सुनावतात. फरशी मुकाट ऐकून घेते. ही हसते. उठते.

“खंय चललंस गो चेडवा?”

मी मागे जायला लागते तर सासूबाई माझा पदर धरतात. “जावंदे तिका.”

मी थांबते, पण बसत नाही. ओढणीच्या टोकाला मेथीची पानं तशीच. हो, ओढणी, सासूबाईंच्या हाताला तो कायम पदरच असतो.

छुम छुम करत ती 67 ओलांडते. वाळ्यांचा शोध सगळ्यांनी मिळून लावलाय. आधी 71च्या मामींनी पीं-पीं वाजणारे लाल बूट आणले होते. दोन दिवस ती त्या बुटांवर उभ्या-उभ्या नाचली. तिसऱ्या दिवशी रात्रपाळीवाले तिघं आमच्या दारात. निकाल लागला, बूट गावी घालायचे. वाळे चालतील. आता आत बसून नुसत्या आवाजावरून बायका सांगतात, ही 63ला आहे, ही जिन्याकडे वळली, धरा.

68च्या दारात शाळेचं दप्तर पडलंय. त्याची चेन दोनदा पुढे-मागे. 70च्या काकी तुपात बुडवलेला भाकरीचा तुकडा पुढे करतात. ही जोरजोरात मान हलवते, “नाय नाय नाय,” आणि तोंड उघडते. ‘नाय’ हा तिचा गेल्या आठवड्यातला शब्द. अर्थ अजून ठरायचाय. पहिल्या वर्षात मीठ-साखर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पॅसेजनं ते आठव्या महिन्यापर्यंत पाळलं. काल दुपारी तिच्या बोटांना सुक्या जवळ्याचा वास येत होता. मी चौकशी केली नाही. सहा दातांनी तिनं जवळा कसा चावला असेल, एवढंच मनात आलं.

आमच्या चाळीचंही आता पाडकाम व्हायचंय. टॉवरमध्ये 500 चौरस फुटांचं घर मिळणार. चाळ जाणार म्हणून हळहळणारं कुणी ना कुणी छापत असतं, मी वाचते. लिहिणारे बहुधा स्वतःच्या घरात संडास असलेल्या उपनगरांत राहतात. मला टॉवर हवाय. हिला आता शी कळायला लागलीय, ओढून सांगते. तेव्हा ते प्लास्टिकचं भांडं फडक्यानं झाकून टोकाच्या संडासापर्यंत न्यायचं, आणि वाटेत भेटणाऱ्या वीस दारांनी कौतुकानं विचारायचं, “झाली का?” एकदा अण्णांनी वेळही विचारली होती.

अण्णांच्या 69बाहेर चपलांचा जोड आहे, कातडी, जड, अंगठ्यापाशी काळा पडलेला. ही परत फिरून तिथे थांबते. चप्पल म्हणजे सध्या तिचा जीव की प्राण. पायात नाही घालायची. एक उचलायची आणि दुसरीकडे नेऊन ठेवायची. गेल्या आठवड्यात 76च्या वहिनी एका पायात निळी आणि एका पायात हिरवी घालून कामाला गेल्या. कोण कुठली नेते यावर 63 आणि 78मध्ये थोडं वाजलंही. मग कळलं, चोर दीड हात उंचीचा आहे.

ती वाकते. वाकणं अजून नीट येत नाही, म्हणून बसते, डावी चप्पल दोन्ही हातांनी छातीशी धरते आणि आता उठायचं कसं हा प्रश्न पडतो. हात तर भरलेले. मी एक पाऊल पुढे टाकते. काकी दारातूनच, पिठाचे हात वर धरून, मला डोळ्यांनी दटावतात.

ती कपाळ भिंतीला टेकवते. कपाळाच्या आधारानं उठते. हे मी तिला शिकवलेलं नाही. सासूबाईंनीही नाही, आम्ही दोघी एकमेकींकडे बघतो.

आणि चालते. हात अडकल्यामुळे आता तोल सांभाळायला फक्त पोट उरलंय. पॅसेज तिरपा कापत ती समोरच्या रांगेकडे निघते. पाच. सहा. मी मोजतेय हे माझ्या लक्षात येतं. सात. आठ.

73.

73ला कुलूप आहे. त्या आजी दोन आठवड्यांपूर्वी मुलीकडे बदलापूरला गेल्या, घर बांधून होईपर्यंत. दारावर नावाची पाटी नाही, पाटीच्या जागी भिंतीचा जुना रंग तेवढा चौकोनी उरलाय. मी दुकानात असायचे त्या सगळ्या दुपारी ही रांगत त्यांच्याकडे जायची. फळी काढायला हीच आजींना हाका मारायची, आणि त्या यायच्या. त्यांचा उंबरा ओलांडायला ती शिकली, पेल्यानं पाणी प्यायला त्यांच्याकडे शिकली. ही चाललेली त्यांनी पाहिलेली नाही. त्यांना व्हिडिओ पाठवलाय, फरशीचा.

चप्पल दारासमोर ठेवते. जरा तिरकी पडते, ती पुन्हा उचलून सरळ ठेवते. मग तळहातानं दारावर दोन थापा. थांबते. कुलपाकडे बघते, कुलूप तिच्या डोक्याच्या बरंच वर आहे. आणखी दोन थापा.

“आज्‌.”

काकी आत जातात. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येतोय. मी जागची हलत नाही. मला वाटतं आता रडणार. ती रडत नाही, दाराला पाठ लावून बसते, पायातलं एक वाळं फिरवत बसते, अगदी निवांत, जणू आजी आत चहा टाकताहेत. मग समोर दप्तराच्या चेनचा आवाज होतो, 68चा मुलगा शाळेला निघालाय, आणि ती दोन्ही हात टेकून, ढुंगण वर करून उठते आणि त्याच्यामागे लागते. चप्पल तिथेच.

मी परत पाटावर बसते. मेथी अर्धी निवडून झालीय. आत नवरा कुशीवर वळतो, त्याचा हात मागे जातो, काही सापडत नाही, तसाच पडून राहतो.

दहा-पंधरा मिनिटांत 69चं दार उघडतं. अण्णा हातात रेशनची पिशवी घेऊन बाहेर येतात, खाली बघतात, वाकून खाली बघतात.

“माझी डावी कुठाय?”

काकी आतून म्हणतात, त्यांना काय माहीत. सासूबाई म्हणतात, त्यांना काय माहीत. अण्णा उजवी घालून आणि डावा पाय अनवाणी ठेवून जिन्यापर्यंत जातात, परत येतात, आमच्या दाराशी थांबतात. ही माझ्या मांडीला धरून उभी आहे आणि त्यांच्याकडे बघून मान हलवतेय, नाय नाय नाय.

“तू पाहिलीस का गं?”

मी मेथीत डोकं घालते.