विश्लेषण : दमट उन्हाळ्यात कुत्र्या-मांजरांना काय खायला द्यावे? किनारपट्टीवरच्या घरांत नेमके काय चुकते?

सकाळी सातच्या पाळीला निघण्यापूर्वी कुत्र्यापुढे दूध-चपाती किंवा भात-रस्सा ठेवायचा, मांजरासाठी कोपऱ्यात बोंबलाची डोकी ठेवायची आणि संध्याकाळी परत आल्यावर भांडे उचलायचे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात दोघेही कामावर जाणाऱ्या अनेक घरांतला हा नित्यक्रम आहे. थंड, कोरड्या हवेत तो कदाचित निभावून जाईल. पालघरच्या किनाऱ्यावर एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मात्र हाच क्रम जुलाब, उलट्या, उष्माघात आणि मूत्रमार्गाच्या विकारांना आमंत्रण ठरू शकतो. हे कशामुळे होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी.

किनाऱ्यावरचा उकाडा प्राण्यांना जास्त त्रासदायक का?

बोईसरला पारा ३४ अंशांवर असतो, तेव्हा नागपूरला तो ४२ अंशांवर असतो. त्यामुळे ‘आपल्याकडे तेवढे ऊन नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. त्याच्या घामग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या गादीत असतात. शरीरातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. मांजर अंग चाटून आणि सावलीत पडून राहून हेच साधते.

वाफ किती होणार, हे हवेतल्या आर्द्रतेवर ठरते. ओला पृष्ठभाग बाष्पीभवनाने जास्तीत जास्त किती थंड होऊ शकतो, हे ‘वेट बल्ब’ तापमान सांगते. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २२ अंश येते. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते सुमारे २९ अंश येते. म्हणजे पारा आठ अंशांनी कमी असूनही धापा टाकण्याचा उपयोग किनाऱ्यावर बराच कमी होतो. भारतीय हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा निकषही याच कारणाने वेगळा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते, किनारपट्टीवर ३७ अंशही पुरतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

कुत्र्याचे सामान्य तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांपुढे गेले की जिवाला धोका असतो. म्हणजे सुरक्षिततेचे अंतर जेमतेम दोन अंशांचे आहे. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या जाती आणि पर्शियन मांजरे यांच्यासाठी हे अंतर आणखी लवकर संपते.

मग खाण्याची वेळ कोणती?

अन्न पचतानाही शरीरात उष्णता तयार होते. शिवाय उकाड्यात प्राण्यांची भूक मंदावते. त्यामुळे दुपारी ताट पुढे करून ‘खा, खा’ असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. सकाळी ऊन चढण्याआधी आणि सूर्य मावळल्यावर, असे दोन वेळचे खाणे उत्तम. कुत्र्याला खाल्ल्यावर लगेच पळवू नये आणि दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवू नये.

एखादी वेळ कमी खाल्ले तर निरोगी प्रौढ कुत्र्याचे बिघडत नाही. मांजराचे तसे नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकते. मांजर चोवीस तास काहीच खात नसेल, तर ‘उन्हाळा आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

भांड्यात ठेवलेले अन्न किती वेळ चालते?

अन्न सुरक्षेचा साधा नियम असा, की शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. बाहेर ३२ अंशांपेक्षा जास्त तापमान असेल तर एकच तास. कारण सरळ गणिताचे आहे. अनुकूल वातावरणात काही जिवाणू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने आठ तासांच्या पाळीत २४ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे दीड कोटीहून अधिक. प्रत्यक्षात वाढ एवढ्या वेगाने अखंड चालत नाही, पण पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला दूध-भात संध्याकाळपर्यंत का आंबतो, हे यावरून कळते.

घरात दिवसभर कोणी नसेल, तर ओले अन्न आपण घरी असतानाच द्यावे आणि अर्ध्या-पाऊण तासात उरलेले उचलून भांडे साबणाने धुवावे. मधल्या वेळेसाठी ठेवायचेच असेल, तर थोडे कोरडे खाद्य ठेवावे. त्यालाही मुंग्या लागू नयेत म्हणून भांडे पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची आजीची युक्ती इथेही चालते.

फ्रिजवर भिस्त असणाऱ्यांनी वीज जाण्याचाही विचार करावा. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने जिल्ह्यातल्या अनेक गावांची वीज घालवली होती. फ्रिज बंद राहून चार तासांपेक्षा जास्त वेळ झाला असेल, तर त्यातले शिजवलेले मांस-मासे प्राण्यालाही देऊ नयेत. ‘आपण नाही खाणार, कुत्र्याला घालू’ हा विचार सर्वात महागात पडतो.

दूध-चपातीवर कुत्रा जगतो, मग चुकते काय?

कुत्रा पिठूळ पदार्थ पचवू शकतो, त्यामुळे चपाती किंवा भात हे विष नव्हे. पण नुसत्या चपातीत पुरेसे कॅल्शियम, चांगल्या प्रतीची प्रथिने आणि स्निग्धांश नसतात. वाढत्या पिल्लांची हाडे त्यामुळे कमकुवत राहतात. दूध अनेक प्रौढ कुत्र्यांना आणि मांजरांना पचत नाही, कारण त्यातली साखर पचवणारे विकर वयानुसार कमी होते. जुलाब झाले की शरीरातले पाणी जाते आणि उन्हाळ्यात हेच परवडणारे नसते. थोडे दही किंवा पातळ, बिनमिठाचे ताक कुत्र्याला तुलनेने सोसते.

किती खायला द्यायचे, याचा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येतो. वजनाचा घन करा, त्याचे दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ही विश्रांतीच्या अवस्थेतली उष्मांकांची गरज झाली. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण १.६ ने गुणतात. १५ किलोच्या देशी कुत्र्याचे उत्तर येते सुमारे ८५० किलोकॅलरी.

घरच्या स्वयंपाकात याचे ढोबळ रूप असे : बिनहाडांचे उकडलेले चिकन २०० ग्रॅम, शिजलेला भात २५० ग्रॅम, दुधी किंवा लाल भोपळा १०० ग्रॅम, एक उकडलेले अंडे, चमचाभर तेल आणि थोडे दही. हे दोन वेळांत विभागून द्यायचे. यातही कॅल्शियम कमी पडते. ते किती आणि कोणत्या रूपात द्यायचे, हे पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावे. पिल्लांच्या बाबतीत तर अंदाजपंचे काही करूच नये.

मांजराला बोंबील, सुकट चालते का?

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी अशा किनाऱ्यावरच्या गावांत मांजर आणि मासळी यांचे नाते जुने आहे. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी. डोळे आणि हृदय नीट राहण्यासाठी त्याला टॉरिन हा घटक अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीतच असतो. म्हणून मांजराला दूध-भातावर वाढवणे चूकच. पण केवळ मासळीवर वाढवणेही बरोबर नाही.

कारणे तीन. पहिले, अनेक कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे विकर असते. शिजवल्यावर ते निकामी होते. म्हणून मासे वाफवून, काटे काढून द्यावेत. दुसरे, सतत तेलकट मासळी खाल्ल्याने जीवनसत्त्व ई कमी पडून शरीरातल्या चरबीला दाह होतो. तिसरे, ओल्या बोंबलात ८५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. वाटी भरलेली दिसली तरी प्रथिने त्यामानाने थोडीच मिळतात. पाणी पोटात जाण्यासाठी मात्र हाच बोंबील उपयोगी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मासळी आणि इतर दिवशी चिकन, अंडे, थोडी कलेजी किंवा मांजरांसाठीचे संपूर्ण पोषणाचे तयार खाद्य, असा मेळ घालावा.

पावसाळी मासेमारीबंदीत घरात सुकी मासळी निघते. मीठ लावलेली खारी मासळी मांजराला देऊ नये. बिनमिठाची सुकट किंवा सुका बोंबील द्यायचा तर धुऊन, भिजवून, उकडून, तोही थोडासा. दमट हवेत सुक्या मासळीवर पांढरट किंवा हिरवट बुरशी दिसली, तर ती झटकून देण्याऐवजी टाकून द्यावी.

पाण्याकडे एवढे लक्ष का द्यायचे?

कुत्र्याला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते; उकाड्यात याहून बरेच जास्त. मांजराचे पूर्वज वाळवंटी भागातले असल्याने त्याला तहान कमी जाणवते. तयार कोरड्या खाद्यात पाणी सुमारे १० टक्के, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. नुसत्या कोरड्या दाण्यांवर असलेल्या बोक्याची लघवी घट्ट होऊन मार्ग तुंबू शकतो. बोका वारंवार वाळूच्या ट्रेमध्ये बसतो, ओरडतो, पण लघवी होत नाही, ही तातडीची वेळ समजावी. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

पाण्याची दोन-तीन भांडी सावलीत ठेवा आणि दिवसातून दोनदा बदला, म्हणजे डासांची अंडीही वाढणार नाहीत. मोकळे सोडलेले प्राणी औद्योगिक वसाहतीच्या नाल्यातले पाणी पिणार नाहीत, याची काळजी घ्या. तारापूरच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे, हे विसरू नये.

तयार खाद्याची पिशवी पावसाळ्यात कशी सांभाळायची?

दमट हवेत कोरडे दाणे ओलावा ओढतात. त्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात. ते यकृतावर आघात करते आणि शिजवण्याने किंवा उन्हात वाळवण्याने जात नाही. अमेरिकेत २००५ आणि २०२० मध्ये अशा दूषित खाद्यामुळे अनेक कुत्री दगावली आणि तो माल बाजारातून परत घ्यावा लागला. पावसाळ्यात पोत्यातून सुटे विकले जाणारे दाणे टाळावेत. चार-सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी आणावी आणि ती मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मऊ पडलेले, खवट वासाचे किंवा गोळे झालेले खाद्य फेकावे.

काय अजिबात देऊ नये?

- कांदा-लसूण : शिजवला तरी तांबड्या रक्तपेशी फुटतात. मांजराला दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदाही घातक ठरतो. म्हणजे चार किलोच्या मांजराला अवघा २० ग्रॅम. वाटणाचा रस्सा भातावर ओतताना हे आठवावे.
- द्राक्षे आणि मनुका : कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.
- चॉकलेट, चहा-कॉफी, झायलिटॉल असलेले च्युइंगम.
- शिजवलेली हाडे : टोकदार तुकडे होऊन आतडे फाडतात.
- आंब्याची कोय : आतड्यात अडकते.

रस्त्यावरच्या प्राण्यांना खायला घालताना काय पाहावे?

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार वसाहतीत खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटना किंवा स्थानिक संस्थेवर आहे. ही जागा जिने, इमारतीचे प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून दूर असावी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात वाटेल तिथे रस्त्यावर खाऊ घालण्यास मनाई करून स्वतंत्र जागा ठरवण्यास सांगितले.

यामागे आरोग्याचेही कारण आहे. उघड्यावर उरलेल्या अन्नावर उंदीर येतात आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हा आजार कुत्र्याला होतो तसा माणसालाही. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणारी मुले त्याला पहिली बळी पडतात. म्हणून अन्न घातल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबून उरलेले उचलावे आणि पाळीव कुत्र्याला लेप्टोची लस देण्याबाबत पशुवैद्यांना विचारावे.

उष्माघाताची लक्षणे दिसली तर?

न थांबणारी धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, अडखळत चालणे, उलटी, ही लक्षणे दिसताच प्राण्याला सावलीत घ्या, अंगावर साधे थंड पाणी ओता आणि पंखा लावा. नुसता ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता अडकते. शुद्धीत असेल तरच पाणी पाजा, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. थंड करण्यास सुरुवात करून मगच दवाखान्याकडे निघा. गंभीर प्राण्यासाठी परळच्या बाई साकरबाई पेटिट रुग्णालयापर्यंत जायचे म्हटले, तर बोईसरहून अंतर शंभरेक किलोमीटरचे आहे. जवळच्या पशुवैद्यांचा क्रमांक आणि त्यांच्या वेळा उन्हाळा सुरू होण्याआधीच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा.