पहिल्या ओढीत इंजिन सुरू: वाफेचं गणित आणि तारकर्लीतला एक छोटा धंदा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण तारकर्ली-देवबाग किनाऱ्यावरचे छोटे व्यवसाय पाहिले. होमस्टे, डॉल्फिन फेरी, स्कूबा, पॅरासेलिंग. त्यातला एक धंदा मात्र दोन मिनिटांत आटोपता घ्यावा लागला. तो म्हणजे बोटींच्या आऊटबोर्ड इंजिनांची देखभाल. पर्यटकाला हा धंदा दिसत नाही, पण बाकीचे निम्मे धंदे याच्यावर उभे आहेत. म्हणून आज सविस्तर.

या धंद्यात उतरायचं असेल तर आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा: इंजिन पेट्रोलवर चालत नाही, पेट्रोलच्या वाफेवर चालतं. हे ज्याला कळलं, त्याला सकाळी न सुरू होणाऱ्या इंजिनाचं कारण सापडतं. ज्याला नाही कळलं, तो नुसती दोरी ओढत बसतो.

सकाळच्या फेरीचं मोल

डॉल्फिन बघायचे तर सकाळी लवकर निघावं लागतं. पर्यटक लाइफ जॅकेट घालून तयार, मुलं पाण्याकडे बघतायत, आणि मागे बोटवाला दोरी ओढतोय. एकदा, दोनदा, दहादा. "इंजिन चालू होणा नाय!" तेवढ्यात शेजारची बोट सुटते आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं.

हे झालं पैशाचं नुकसान. दुसरं नुकसान त्याहून मोठं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. संगमावर भरती-ओहोटीचा ओढा जोरदार असतो. तिथे इंजिन बंद पडलं आणि परत लगेच सुरू झालं नाही, तर प्रश्न फेरीच्या भाड्याचा उरत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. तुम्ही विकणार आहात ती सेवा म्हणजे हा भरवसा, हे लक्षात ठेवा.

जळतं काय?

पातळ पेट्रोल जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण ठिणगीने पेटतं. तेही प्रमाण जमलं तरच. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पेटत नाही, आणि 7.6 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही पेटत नाही. खिडकी एवढीशीच आहे.

आता गार इंजिनात काय होतं बघा. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात हलके, मध्यम, जड असे कितीतरी घटक असतात. गार असताना फक्त हलके घटक चटकन उडतात. जड घटक थेंबांच्या रूपात नळीच्या आणि सिलेंडरच्या भिंतींना चिकटून बसतात. म्हणजे आत पेट्रोल भरपूर, पण वाफ थोडी. ठिणगी पडते आणि काहीच होत नाही.

यावर उपाय म्हणजे चोक. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते, आतली ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. जास्त पेट्रोल म्हणजे त्यातले हलके घटकही जास्त, म्हणून पेटण्याइतकी वाफ जमते. इंजिन तापलं की चोक बंद करायचा, कारण आता सगळंच पेट्रोल वाफ होऊ लागतं.

आपल्या वडिलांच्या पिढीने हे शास्त्र न वाचता वापरलंय. 1972 साली आलेली बजाज चेतक आठवा. सकाळी स्कूटर एका अंगावर आडवी करायची, मग सरळ करून किक मारायची. आडवी केल्यावर कार्बोरेटरमधलं थोडं जादा पेट्रोल आत ओघळायचं. गल्लीगल्लीत चालणारा हा घरगुती चोकच!

सव्वाशे वर्षांपूर्वीही हीच डोकेदुखी

पेट्रोल इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात सगळ्यांची झोप उडवली ती याच प्रश्नाने. कार्ल बेंझच्या 1886 च्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि जाताना वाफ घेऊन जायची. इंधन होतं लिग्रोईन, म्हणजे सहज उडणारा हलका द्रव. 1888 मध्ये त्याची पत्नी बर्था बेंझ ही गाडी घेऊन जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत तिने हे इंधन औषधाच्या दुकानातून विकत घेतलं.

या पद्धतीत एक खोट होती. हलके घटक आधी उडून जायचे आणि मागे जड उरायचे. टाकीत इंधन असूनही वाफ कमी पडायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, तारकर्लीत तो पुन्हा भेटणार आहे.

1893 च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने जर्मनीत आणि बांकी व चोंका या जोडीने हंगेरीत दुसरी वाट धरली. इंधनाचा बारीक फवारा करायचा. थेंब जितका बारीक, तितका तो हवेला जास्त लागतो आणि तितकी लवकर वाफ होते. आजच्या कार्बोरेटरमधलं जेट हे त्याच कल्पनेचं रूप.

पुढे एकेक युक्ती जोडली गेली. काही इंजिनांना डोक्यावर छोटी वाटी असायची, त्यातून सिलेंडरमध्ये थोडं पेट्रोल ओतून मग हँडल मारायचं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चोकची तार पुढे रेडिएटरपाशी असायची. एका हाताने ती ओढायची आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचं. हँडल उलटं फिरलं की हात मोडायचा. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि तो धोका टळला. पण स्टार्टर फक्त इंजिन फिरवतो. वाफ तयार करायचं काम शिल्लकच राहतं. म्हणून बटणाच्या इंजिनावरही आधी वाफेचाच विचार करा.

रॉकेलवर चालणारं इंजिन

तुम्ही म्हणाल, आमच्या कोकणात थंडी आहेच कुठे? बरोबर. मालवणात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा 20 अंशांच्या आसपास असतो. पेट्रोलला हे पुरेसं आहे, कारण त्याची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेऊ शकते. पण रॉकेलला पेटण्याजोगी वाफ द्यायला साधारण 35 ते 40 अंश तरी लागतात. म्हणजे रॉकेलच्या दृष्टीने तारकर्लीची सकाळही गारच.

देशाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या लहान होड्यांना रॉकेलवर चालणारी आऊटबोर्ड इंजिनं वर्षानुवर्षं लागत आली आहेत. ती सुरू होतात पेट्रोलवर, आणि तापली की रॉकेलवर वळवतात. 1917 चा फोर्डसन ट्रॅक्टर याच पद्धतीने चालायचा: सुरुवात पेट्रोलवर, मग धुराड्याच्या उष्णतेने रॉकेलची वाफ.

यातली खरी गोम बंद करण्यात आहे. किनाऱ्याला लागण्याआधी काही मिनिटं इंजिन परत पेट्रोलवर आणायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलं रॉकेल संपून तिथे पेट्रोल भरतं. हे न करता रॉकेलवरच बंद केलं, तर सकाळी पहिल्या ओढीला आत जाणार रॉकेल, आणि ते वाफ होणार नाही. थोडक्यात, उद्याची सकाळ आज संध्याकाळीच ठरते.

एक ताकीद. रॉकेलसाठी बनवलेल्या इंजिनाचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. साध्या पेट्रोल इंजिनात रॉकेल घालू नका, ठोके बसून ते खराब होतं. आणि रेशनचं रॉकेल दुसऱ्या कामाला वळवणं हा कायद्याने गुन्हा आहे.

पावसाळ्यानंतरचं पेट्रोल

जलक्रीडा पावसाळ्यात बंद असतात. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या आणि झापांनी किंवा ताडपत्रीने झाकलेल्या. टाकीत मात्र मे महिन्याचं पेट्रोल तसंच. तीन महिन्यांत तीन गोष्टी घडतात.

पहिली, हलके घटक उडून जातात. बेंझच्या गाडीत व्हायचं तेच! गार इंजिन ज्याच्यावर सुरू होतं, नेमकं तेच निघून जातं.

दुसरी, कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल सुकून चिकट थर बनतो आणि जेटचं बारीक भोक तुंबतं.

तिसरी, आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! पाणी वाढलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंधनाची नळीही तळातूनच ओढते.

म्हणून हंगाम संपताना टाकी रिकामी करणं, कार्बोरेटर सुकवणं आणि इंजिन गोड्या पाण्याने आतून धुणं, हे काम ऑगस्ट अखेरच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. चोक नसलेल्या नव्या इंजेक्शनच्या इंजिनांनाही हे लागू आहे. तिथे तापमान ओळखून संगणक जास्त इंधन फवारतो, पण फवाऱ्याची भोकं जेटपेक्षाही बारीक असतात.

तपासायचा क्रम

इंजिन घेत नसेल तर हा क्रम पाळा, उलटसुलट करू नका.

1. किल स्विचची दोरी जागेवर आहे का? टाकीच्या झाकणावरची हवेची फिरकी उघडी आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबून घट्ट झालाय का?
2. चोक ओढून दोन-चार वेळा दोरी ओढा. नाही झालं तर थांबा आणि प्लग काढा.
3. प्लग कोरडा असेल तर इंधन पोचत नाही. फिल्टर, नळी, जेट बघा.
4. प्लग ओला असेल तर वास घ्या. रॉकेलचा वास आला तर कारण सापडलं. पेट्रोलचा असेल तर जास्त झालंय. चोक बंद करा, प्लग पुसून सुकवा.
5. प्लगवर पाण्याचे थेंब दिसले तर टाकीचा तळ तपासा.
6. इंधन ठीक असेल तरच ठिणगीकडे वळा, आणि शेवटी दाबाकडे.

जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका. बर्था बेंझने तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने मोकळी केली होती, पण ती होती नळी. जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. ते रुंदावलं की प्रमाण कायमचं बिघडतं. क्लीनर आणि हवेचा झोत वापरा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. ठिणगी तपासण्याआधी तळ मोकळा होऊ द्या आणि टाकी दूर ठेवा. दुसरं, आऊटबोर्ड जमिनीवर पाण्याशिवाय चालवू नका. पाण्याच्या पंपातला रबरी पंखा लगेच जळतो. ड्रममध्ये गोडं पाणी भरून त्यात इंजिन उतरवा.

यातून धंदा कसा उभा राहतो?

बहुतेक मेकॅनिक इंजिन बिघडल्यावर पैसे घेतात. तुम्ही ते न बिघडण्याचे पैसे घ्या. तीन सेवा ठेवा: मे अखेरीस इंजिन झोपवणं, हंगामाआधी उठवणं, आणि हंगामात महिन्याची ठरलेली तपासणी.

दर ठरवताना बोटवाल्याचा हिशोब करा. समजा, एका फेरीचे 2,000 रुपये मिळतात आणि महिन्यात चार फेऱ्या इंजिनापायी बुडतात. त्याचं नुकसान 8,000. तुम्ही महिन्याला 1,500 मागितले आणि त्या चारपैकी तीन फेऱ्या वाचवल्या, तर त्याचे 6,000 वाचले. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या किनाऱ्यावरचे खरे आकडे घालून पाहा. जमत नसेल तर दर नाही, सेवा सुधारा.

प्रत्येक इंजिनामागे वहीचं एक पान ठेवा: तारीख, इंधन कोणतं, प्लग कसा होता, किती ओढीत सुरू झालं. तीन ओढींवरून सात ओढींवर गेलं की बिघाड यायच्या आधीच तुम्हाला कळेल. फोन करून "दादा, उद्या संध्याकाळी येऊन जेट साफ करतो" असं सांगणारा मेकॅनिक कोणी सोडत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

समुद्र जवळ नसला तरी चालेल. गावातली फवारणीची, गवत कापायची, जनरेटरची इंजिनं मोजा. त्यातली किती वर्षातले काही महिने बंद असतात? त्या प्रत्येकाच्या टाकीत जुनं पेट्रोल असणार आहे. पाच मालकांना एवढंच विचारा: "शेवटचं सुरू करताना किती वेळा दोरी ओढावी लागली?" उत्तरं वहीत लिहा. तुमच्या पहिल्या गिऱ्हाइकांची यादी तीच.