कोडें कीं प्रश्न?

केंब्रिज विद्यापीठांत तत्त्वज्ञानाच्या शाखेस पुष्कळ काळपर्यंत ‘मॉरल सायन्सेस’ असें नांव होतें. त्या शाखेच्या आश्रयानें १८७८ सालीं निघालेला मॉरल सायन्सेस क्लब आजहि चालू आहे. एकानें निबंध वाचावा व इतरांनीं त्याची निर्दयपणें छाननी करावी, हा तेथील शिरस्ता. चर्चेला वेळ उरावा म्हणून १९१२ सालीं असा नियम झाला कीं, सामान्यतः निबंध सात मिनिटांहून अधिक लांबूं नये. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ल्युड्विग विट्गेन्स्टाइन या ऑस्ट्रियन विद्यार्थ्यानें ‘तत्त्वज्ञान म्हणजे काय?’ हा निबंध सुमारें चार मिनिटांत संपविला. नभोवाणीवर घड्याळाच्या धाकांत बोलणाऱ्यांना त्याचा हेवाच वाटेल.

पुढें हेच विट्गेन्स्टाइन तेथें प्राध्यापक व क्लबचे अध्यक्ष झाले. २५ ऑक्टोबर १९४६ रोजीं किंग्ज कॉलेजमधील एका खोलींत भरलेल्या सभेस लंडनहून कार्ल पॉपर आले. दोघेहि मूळचे व्हिएन्नाचे. पण त्यापूर्वीं त्यांची गांठ पडलेली नव्हती. बर्ट्रँड रसेलहि उपस्थित होते. निमंत्रणांत एखादें तात्त्विक ‘कोडें’ मांडण्याची विनंति होती, आणि नेमका हाच शब्द पॉपर यांना खटकला. तात्त्विक प्रश्न म्हणून कांहीं असतात काय, हाच विषय घेऊन ते उभे राहिले.

एका शब्दाला इतकें महत्त्व कां? विट्गेन्स्टाइन यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, तत्त्वज्ञानांतील पेंच भाषेच्या वापराविषयींच्या घोटाळ्यांतून निर्माण होतात. आपलीच भाषा घ्या. ‘गाडी गेली’ म्हटल्यावर ‘कोठें गेली?’ हें विचारणें योग्यच. परंतु ‘काळ गेला’ हें वाक्य त्याच घाटाचें दिसतें, म्हणून काळ कोठें गेला, तेथें तो सांठून राहिला आहे काय, असें आपण विचारूं लागलों कीं फसलों. हें कोडें सोडवावयाचें नसतें; ‘जाणें’ या क्रियापदाचे निरनिराळे वापर नीट न्याहाळले म्हणजे तें आपोआप विरून जातें.

पॉपर यांना हें मान्य नव्हतें. आजवर सूर्य रोज उगवला, म्हणून उद्यांहि उगवेल असें मानण्यास आधार कोणता? अनुभव मोजका आणि नियम मात्र सार्वत्रिक. ही दरी व्याकरण सुधारून बुजत नाहीं. मला येथें पॉपर यांची बाजू बळकट वाटते. शास्त्रज्ञानें शब्द कितीहि काटेकोरपणें वापरले तरी पुढच्या प्रयोगाची हमी त्याला मिळत नाहीं. मात्र एखादा प्रश्न खरा कीं नुसतें कोडें, हें आधीं पारखावें लागतें, आणि त्या पारखीचीं हत्यारें बव्हंशीं विट्गेन्स्टाइन यांनींच दिलीं आहेत.

त्या सभेंत विट्गेन्स्टाइन यांनीं विस्तव सारण्याची लोखंडी सळई हातांत घेतली होती. नैतिक नियमाचें उदाहरण मागितलें गेलें, तेव्हां पाहुण्या वक्त्याला सळईचा धाक दाखवूं नये असें आपण सांगितलें, व विट्गेन्स्टाइन सळई टाकून तडक निघून गेले, अशी हकीकत पॉपर यांनीं आत्मचरित्रांत दिली आहे. हजर असलेल्या इतर कांहींच्या मतें हें उदाहरण विट्गेन्स्टाइन गेल्यानंतर दिलें गेलें. ज्ञानाचें प्रामाण्य हाच ज्यांचा अभ्यासविषय, त्यांचें डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीविषयीं एकमत होऊं नये! एडमंड्स व आयडिनाऊ या लेखकद्वयानें २००१ सालीं या साक्षींवर एक सबंध पुस्तक लिहिलें. क्लबच्या टिपणवहींत सभा नेहमींपेक्षां अधिक वादग्रस्त झाल्याची नोंद आहे. सळईचा उल्लेख नाहीं.