अवरक्त छायाचित्रणातील व्हाइट बॅलन्स

तांबड्या प्रकाशापलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांना अवरक्त किरण म्हणतात. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून देगलूर तालुक्यातील होट्टलच्या चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराचे छायाचित्र घेतले, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते गडद तांबडे उमटते, कारण या किरणांनी संवेदकाचा लाल घटक हिरव्या व निळ्या घटकांपेक्षा अधिक भरतो. या तीन घटकांचे प्रमाण जुळवणे म्हणजेच व्हाइट बॅलन्स. मात्र ‘ऊन’ किंवा ‘ढगाळ’ हे तयार पर्याय दृश्य प्रकाशासाठी बेतलेले असल्याने येथे उपयोगी पडत नाहीत.

म्हणून फिल्टर न काढता, उन्हातील हिरव्या पानांनी चौकट भरून एक छायाचित्र घ्यावे आणि कॅमेऱ्याच्या ‘कस्टम’ पर्यायात तेच संदर्भ म्हणून निवडावे. हरितद्रव्य हे किरण फारसे शोषत नाही व पानातील पेशी आणि हवेच्या पोकळ्या ते परत फेकतात, त्यामुळे पालवी जवळजवळ पांढरी दिसू लागते. लातूर-नांदेडच्या शिवारात सप्टेंबरच्या आरंभी सोयाबीन हिरवेगार असते, तर उन्हाळ्यात गवत वाळल्यावर कडुनिंबाची पालवी चांगला आधार ठरते; वाळलेले गवत मात्र टाळावेच.

चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे संवेदकाची मूळ नोंद राखून, साठवणे श्रेयस्कर होय, तरीही अनेक संगणक-प्रणालींची रंगतापमानाची पट्टी २००० केल्विनला थांबते आणि तांबडेपणा उरतो. तेव्हा त्या कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र रंग-प्रोफाइल तयार करावी लागते. त्यानंतर लाल व निळ्या घटकांची अदलाबदल केल्यास तपकिरी आकाश निळे होते.