दालचिनीचे तेल घरकामाला चांगले, पण पोटात घेऊ नका!

पूर्णा : 'दालचिनीच्या तेलाने शुगर कायमची जाते' असे मेसेज मोबाईलवर फिरत असतात. तेल कामाचे आहे, पण कशासाठी वापरायचे ते आधी समजून घ्या.

हे तेल दोन प्रकारचे असते. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड जास्त, ते फार जहाल. पानाच्या तेलात युजेनॉल जास्त; लवंगेतही तेच असते. बाटलीवर साल की पान, ते वाचूनच घ्या. आपल्या राज्यात दालचिनी कोकणात पिकते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' ही जात दिली आहे.

घरात असे वापरा
• मुंग्या : कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब टाकून फटीजवळ ठेवा.
• कपाटातला कुबट वास : असाच बोळा कपड्यांना न लागेल असा ठेवा.
• फरशी : तेल नुसत्या पाण्यात मिसळत नाही, म्हणून साबणाच्या पाण्यात दोन-चार थेंब घाला.

हे करू नका
• नुसते तेल अंगाला, हिरड्यांना लावू नका. आग होते, फोड येतात.
• शुगरसाठी थेंब घेऊन डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. शुगर वाढून जिवावर बेतू शकते.
• गरोदर बाया आणि लहान लेकरांसाठी वापरू नका.

लेकराने चुकून तेल पिले तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा किंवा 108 ला फोन लावा.

खायचीच असेल तर भाजीत, चहात दालचिनीचा छोटा तुकडा पुरे.